वेंडेलची सरावाची बॅट

आमच्या गावाचा बेसबॉलचा संघ होता तेव्हा निम्मी बाकं रिकामी असत. संघ मोडला, मैदानाच्या जागी किराण्याचं मोठं दुकान आलं, आणि मग गावाला प्रेमाचा उमाळा आला. माणसांचं हे असंच असतं. जिवंत असताना खोकला सहन होत नाही आणि गेल्यावर बागेतल्या बाकावर नावाची पितळी पाटी लावतात.

गाव हार्लन फेरी, मिसिसिपीच्या काठावर, आयोवाच्या अंगाला. संघाचं नाव पायलट्स. या उमाळ्याचा म्होरक्या मर्ल हुकस्ट्रा. हा पूर्वी औषधांचं दुकान चालवायचा. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, मासे धरतात. यानं पायलट्सच्या जुन्या टोप्या, हातमोजे आणि बॅटी गोळा करायचं मंडळ काढलं. दर सप्टेंबरात चर्चच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरतं. दारातून आत आलं की समोर पहिलं टेबल, त्यावर प्रत्यक्ष सामन्यात वापरलेल्या वस्तू. खिडकीखाली दुसरं टेबल, त्यावर बाकी सगळं: सरावातलं, सह्या केलेलं, नुसतंच जपून ठेवलेलं. जेवणं झाली की मर्ल पहिल्या टेबलावरच्या एकेका वस्तूचं कार्ड वाचतो, खेळाडूचं नाव घेतो, तो खेळाडू उभा राहतो आणि हॉल टाळ्या वाजवतो. खेळाडू हयात नसेल तर त्याची बायको, मुलगी, जो कुणी असेल तो उभा राहतो. एवढंच. पण या एवढ्याशा उभं राहण्यासाठी आमच्याकडची शहाणीसुरती माणसं वर्षभर जीव टाकतात.

दुसऱ्या टेबलावरची कार्डं कुणी वाचत नाही.

माझा नवरा वेंडेल एका उन्हाळ्यापुरता पायलट्सचा तिसरा कॅचर होता, म्हणजे बॅटवाल्याच्या मागे बसून चेंडू झेलणारा. तिसऱ्या कॅचरनं चेंडू टाकणाऱ्या पिचर लोकांचे हात मोकळे करून द्यायचे, सामान बसमध्ये चढवायचं, आणि सामना सुरू झाला की मैदानाच्या पार टोकाला बाकावर जाऊन बसायचं. सामन्यात त्याच्या हातात बॅट आली ती एकदाच. मॅनेजर म्हणाला, वेंडेल, तयार राहा. हा तयार राहिला, आणि त्याच्या आधीचा खेळाडू बाद होऊन सामनाच संपला. उन्हाळा सरला तसा संघानं त्याला निरोप दिला आणि तो नदीवर मालाचे सपाट बार्ज ढकलणाऱ्या बोटींवर नोकरीला लागला, तो थेट निवृत्त होईपर्यंत. त्याला याचं काही वाईट वाटत नव्हतं. निदान तो तसं म्हणायचा. प्रदर्शनाच्या दिवशी तो टेबलं मांडायचा, सगळ्यांसाठी कॉफी करायचा, आणि नावं वाचली जाताना मागे भिंतीशी उभा राहून इतरांसाठी टाळ्या वाजवायचा. मी त्या वेळी मागे वळून बघत नसे. बघितलं की माझं डोकं फिरायचं, आणि चिडायचं कुणावर ते कळायचं नाही.

त्या उन्हाळ्यातली त्याची एक बॅट आमच्या घरात होती. तिची नेमणूक कोठीच्या खिडकीत. खिडकीची आतली दोरी तुटलेली, वर सरकवलेली काच आपोआप खाली यायची, म्हणून तिच्याखाली ही बॅट उभी केलेली असायची. ‘करतो, करतो’ म्हणण्यात वेंडेलनं निम्मं आयुष्य काढलं आणि या वसंतात एकदाची नवी दोरी बसवली. बॅट मोकळी झाली. ती त्यानं पुसली, आणि दुसऱ्या टेबलावर कुठेतरी कोपऱ्यात ठेवा म्हणून मर्लकडे घेऊन गेला. हातात केकचा डबा होता म्हणून मीही बरोबर गेले.

मर्लच्या घरी मंडळाची तीनचार माणसं बसलेली होती. मर्लनं खिशातून भिंग काढलं. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचण्यात जन्म गेलेला माणूस. भिंग हातात आलं की तो कुणाचंच ऐकत नाही. मूठ बघितली, मुठीवर चोळलेली राळ बघितली, चेंडूच्या टाक्यांचे लाल ठसे बघितले आणि म्हणाला, भरपूर वापरलेली आहे. वेंडेल म्हणाला, सरावात वापरलेली आहे. त्यावर नेहमीचा वाद पेटला. एकानं म्हटलं, लाकूड तेच, हात तेच, चेंडू तोच. बॅटीला काय कळतं सराव कुठला आणि सामना कुठला? दुसरा म्हणाला, असं असेल तर माझा कुत्रा अंगणात चेंडू पकडतो, त्याचा पट्टाही पहिल्या टेबलावर ठेवा. मर्लनं दोघांना गप्प केलं.

“सोपं आहे,” तो म्हणाला. “समोरचा माणूस मनापासून तुम्हाला बाद करायला बघत असेल तर तो सामना. तो तुम्हाला मारता यावं म्हणून चेंडू टाकत असेल तर तो सराव. याच्यापुढे मला काही सांगू नका.”

वेंडेलनं मान हलवली. त्याला ते पटलेलंच होतं. आणि तेवढ्यात मर्लचं भिंग बॅटीच्या मधोमध थांबलं. तिथे हिरव्या रंगाचे आडवे ओरखडे होते.

आता हे ओरखडे म्हणजे या लोकांच्या लेखी सोनं. पायलट्सच्या खेळाडूंच्या बसायच्या आडोशात बॅटी ठेवायचं एक लाकडी रॅक होतं, हिरव्या रंगाचं. बॅटी त्यात घासायच्या आणि रंग लागायचा. पण सरावाच्या बॅटी त्या रॅकमध्ये कधीच ठेवत नसत. त्या जाळीला टेकून उभ्या असत. रॅक फक्त सामन्यासाठी. म्हणून ज्या बॅटीवर हिरवा रंग, ती सामन्याची बॅट. मंडळाचा हा ठरलेला पुरावा, त्याच्या जोरावर मर्लनं आजवर भल्याभल्या बॅटी पहिल्या टेबलावर चढवल्या होत्या आणि भल्याभल्यांच्या उतरवल्या होत्या.

मर्लनं भिंग खाली ठेवलं. “वेंडेल, ही रॅकमध्ये होती.”

“मी नव्हती ठेवली,” वेंडेल म्हणाला.

“तू नसशील ठेवली. कुणीतरी ठेवली. एखाद्याची बॅट मोडली असेल, हाताला लागली ती तुझी उचलून गेला असेल. तू तर पार त्या टोकाला बसलेला असायचास. तुला तिथून काय दिसणार?”

वेंडेल बॅट हातात घेऊन त्या हिरव्या रेघांवरून अंगठा फिरवत राहिला. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलेलं मला दिसलं. आणि तो रंग कुठला ते अख्ख्या जगात फक्त मला माहीत होतं.

तो माझ्या कोठीच्या खिडकीचा रंग. आमचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. वेंडेल बोटीवर, महिना महिना घराबाहेर. मला एकटीला कंटाळा यायचा. कुठल्याशा मासिकात हिरवं स्वयंपाकघर बघितलं आणि कोठीची खिडकी, चौकट, सगळं हिरवंगार रंगवून टाकलं. रंग वाळायच्या आत बॅट परत लावली, ती ओल्या चौकटीला घासत. दोन दिवसांनी ते ध्यान बघून माझं मलाच मळमळायला लागलं, आणि वेंडेल घरी यायच्या आत मी त्यावर पांढरा हात मारून टाकला. त्याला कधी कळलंच नाही. बायकांच्या असल्या उद्योगांची कुणी नोंद ठेवत नाही, ते बरंच आहे.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. सांगू का, मला तो उभा राहिलेला बघायचा होता. एकदा तरी त्याचं नाव घेतलं जावं आणि त्यानं उभं राहावं. त्याला नसेल हौस, मला होती.

माझी बहीण लव्होन, तिला मी सगळं सांगितलं. तिच्याशिवाय सांगणार कुणाला? ती म्हणाली, गप्प राहा, रंगानं कुणाचं काय बिघडलंय. मग जरा वेळानं म्हणाली, “पण अर्डिस, तू गप्प राहणार म्हणतेस खरी. तू तर पाद्रीबुवांनाही प्रार्थनेत मध्येच थांबवून चूक दाखवतेस.”

मी म्हटलं, पाद्री खरंच चुकला होता.

उन्हाळाभर मी गप्प राहिले. पण वेंडेल गप्प राहीना. आधी तो म्हणायचा, कुणीतरी नेली असेल. मग म्हणायला लागला, वॉटर्लू गावाशी झालेल्या सामन्यात आमच्या शॉर्टस्टॉपच्या जागी खेळणाऱ्या पोराची बॅट मोडली होती खरी. मग त्याला आठवलं की त्या दिवशी बॅटीचा आवाज ओळखीचा वाटला होता. जुलै संपेपर्यंत त्या शॉर्टस्टॉपनं माझ्या नवऱ्याच्या बॅटीनं दोन धावा काढून दिल्या होत्या. तो खोटं बोलत नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. त्याला ते खरोखर आठवत होतं. सकाळी दाढी करताना तो शीळ घालायचा. इतका खूश मी त्याला पहिली नात झाली तेव्हाच बघितलेला.

आणि मग मर्लनं बातमी आणली की यंदा ऑरिन टॅकेट येतोय. ऑरिन म्हणजे आमच्या गावाचं भूषण. पायलट्सकडून खेळलेला आणि पुढे मोठ्या संघात जाऊन नाव काढलेला एकुलता एक पिचर. आता परत आपल्या मूळ गावी, दक्षिणेत आर्कान्सामध्ये राहतो, खुबा बदललाय, फारसा कुठे जात नाही. वॉटर्लूच्या त्या सामन्यात तो होता. वेंडेल म्हणाला, बरं झालं, ऑरिनलाच विचारतो, त्याला आठवत असेल.

माझी झोप उडाली. चारचौघांत, हॉलमध्ये, कार्ड वाचून झाल्यावर ऑरिन ‘छे, असं काही झालं नव्हतं’ म्हणाला तर?

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मी सँडविचं बांधत होते. वेंडेलला हाक मारली तर ओ नाही. बघायला गेले. बैठकीच्या खोलीत तो चांगला कोट घालून खुर्चीवर बसला होता. बसायचा, मग उठायचा, कोटाचं बटण लावायचा, जरासं हसून मान हलवायचा, आणि परत बसायचा. गुडघे दुखतात त्याचे, त्यामुळे खुर्चीच्या हाताला न धरता उठता येतं का ते बघत होता. मी दारातच होते, त्याला दिसले नाही.

मला तिथे रडूच फुटलं असतं. त्याऐवजी मी नेहमीप्रमाणे आवाज चढवला आणि म्हटलं, जरा कोठीत ये. खिडकीच्या चौकटीवर सुरी घासली. पांढऱ्याखालून हिरवा रंग निघाला.

मी सगळं सांगून टाकलं. मासिक, मळमळ, पांढरा हात, सगळं. तो खाली वाकला, चौकटीवर बोट फिरवलं, आणि त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, झालं. पण तो हसत होता. हसता हसता त्याला पिठाच्या डब्यावर बसावं लागलं.

“मग त्या बिचाऱ्या शॉर्टस्टॉपनं कुणाची बॅट नेली?” तो म्हणाला. “अर्डिस, मला त्याचा आवाजसुद्धा आठवत होता गं.”

“तू चिडला नाहीस?”

“कुणावर चिडू? हिरव्या रंगावर?” त्यानं डोळे पुसले. “माझी बॅट मला माहीत होती. मी मधे जरा विसरलो, एवढंच.”

हसला खरा, पण गाडीत बसण्याआधी त्यानं तो कोट काढून खुंटीला अडकवला आणि रोजचं जाकीट घातलं. ते मी बघितलं.

हॉलमध्ये पोचल्यावर त्यानं स्वतःच्या हातानं बॅट पहिल्या टेबलावरून उचलली, दुसऱ्यावर ठेवली, आणि नव्या कार्डावर लिहिलं: वेंडेल नॉर्डस्ट्रम, सराव. मर्लला कारण सांगितलं तेव्हा मर्लचा चेहरा बघण्यासारखा झाला. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “दुनियेत इतके रंग आहेत. तुला हिरवाच मिळाला?” बाकीच्या हिरव्या बॅटींकडे तो त्या दिवशी जरा संशयानं बघत होता.

ऑरिन टॅकेट काठी टेकत आला. मी त्याला तरुणपणी बघितलेला, ताडमाड. अजूनही तसाच, फक्त वरून वाकलेला. सगळे त्याच्याभोवती जमले. मर्ल त्याला पहिल्या टेबलाशी घेऊन गेला, त्याचीच जुनी टोपी, त्याचाच हातमोजा दाखवला. ऑरिन भिडेनं हो हो करत होता आणि त्याचे डोळे हॉलभर कुणाला तरी शोधत होते. वेंडेल तेव्हा आत कॉफीला पाणी भरत होता. फिरत फिरत ऑरिन खिडकीखालच्या टेबलाशी आला, कार्ड वाचलं, बॅट उचलली आणि काठी तिथेच टेबलाला टेकवून दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. मग कुणीतरी जेवायला बोलावलं तेव्हा ती खाली ठेवली.

जेवणं झाली. मर्लनं कार्डं वाचायला सुरुवात केली. एकेक जण उठला, टाळ्या झाल्या. लव्होननं माझा हात दाबला. मी तो सोडवून घेतला, मला दया नको होती. शेवटचं कार्ड ऑरिनच्या हातमोज्याचं. ऑरिन उठला, टाळ्या जोरात झाल्या, मर्लनं आभार मानायला तोंड उघडलं. पण ऑरिन बसेना.

“एक राहिलं,” तो म्हणाला. “खिडकीखालचं.”

मर्लनं त्याला नियम सांगितला. त्या टेबलावरचं सरावातलं असतं. आणि सराव म्हणजे काय, तेही सांगितलं. ऑरिननं सगळं नीट ऐकून घेतलं.

मग तो बोलला, सावकाश, आणि आमच्याकडे नाही तर टेबलाकडे बघत. त्या उन्हाळ्यात त्याचा एक चेंडू समोरच्या पोराच्या जबड्यावर बसला होता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आम्हाला माहीत नव्हतं ते पुढचं. त्यानंतर बॅट घेऊन माणूस समोर उभा राहिला की त्याचा हात ऐकेना. चेंडू कुंपणावर जायचा, नाहीतर माणसाच्या अंगावर. मॅनेजर त्याला घरी पाठवायच्या बेतात होता. सरावाला त्याच्यासमोर उभं राहायला कुणी तयार होईना, आणि त्यांचं बरोबरच होतं.

“वेंडेल उभा राहिला,” ऑरिन म्हणाला. “रोज सकाळी, मैदानात कुणी नसताना. मी सांगितलं होतं, वेंडेल, मी तुला सोपं काही टाकणार नाही. तुला बाद करता आलं नाही तर मला घरी जाऊन बापाबरोबर कापूस वेचावा लागेल. तो म्हणाला, मग कर बाद, आणि बॅट उचलून उभा राहिला. बरगडीवर बसला, मांडीवर बसला, परत उभा. मी जन्मात कुणाला इतक्या मनापासून बाद करायला बघितलं नाही, मोठ्या संघातसुद्धा नाही.” मग तो मर्लकडे वळला. “आता तू सांग, हा सराव की सामना?”

मला ते काळेनिळे डाग आठवले. आमचं लग्न व्हायचं होतं तेव्हा. मी त्या डागांना मलम लावून दिलं होतं आणि तिसऱ्या कॅचरला नीट झेलताही येत नाही म्हणून त्याला चिडवलंही होतं. तो नुसता हसला होता. ऑरिनचा हात ऐकत नाही ही गोष्ट त्याला बाहेर जाऊ द्यायची नव्हती. मलाही सांगितली नाही, लग्नानंतरही नाही. मला राग आला आणि अभिमानही वाटला.

मर्लनं घसा खाकरला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग चालत खिडकीशी गेला, दुसऱ्या टेबलावरचं कार्ड उचललं आणि पहिल्यांदाच मोठ्यानं वाचलं.

“वेंडेल नॉर्डस्ट्रम. सराव.”

सगळ्या हॉलनं मागे वळून बघितलं. मीही बघितलं. वेंडेल भिंतीशी होता, नेहमीच्या जागी, हातात कॉफीची किटली. आता तो उभा राहणार कसा? तो आधीपासून उभाच होता. एवढी तोंडं आपल्याकडे वळलेली बघून त्याला काही सुचेना. तो गोंधळला, जवळची खुर्ची मागे ओढली आणि मुकाट्यानं खाली बसला, किटली मांडीवर घेऊन.

कुणीतरी हसलं. मी माझ्या जागेवरून उठले आणि त्याच्यापर्यंत गेले. किटली गरम होती. ती काढून घेतली.

“ऊठ,” मी म्हटलं.

आणि तो उठला, खुर्चीच्या हाताला न धरता.